'ठीक आहे' म्हटल्याचं दुखणं

मी एक जुना सांधा आहे. मित्रांनो, कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. तिथे जो हलतो, तो माझाच भाऊबंद. त्याची तुम्ही कधी विचारपूस केलीत? नाही ना? माझीही कोणी केली नाही.

माझी मालकीण शिवणकाम करते. दोरा दातांनीच तोडते, तरी मी कधी कुरकुरलो नाही. माझं खरं काम तिच्या बाबांसाठी. त्यांना ऐकू येत नाही. तोंडाकडे बघून ते बोलणं ओळखतात, म्हणून ती प्रत्येक शब्द तोंड भरून उच्चारते. "तुझ्याइतकं स्वच्छ कोणी बोलत नाही," असं ते म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

मग तिच्या दाढेवर कॅप बसवली. एवढा वेळ आ वासून मी पार अवघडलो होतो. दात कुठे टेकतात ते बघायला डॉक्टरांनी रंगीत कागद चावायला देऊन विचारलं, "उंच लागतेय का?" तोंड बधिर, कळणार कसं? पण बाहेर लोक ताटकळले होते. "ठीक आहे," ती म्हणाली. भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय.

ती कॅप कानामागून आली आणि तिखट झाली. तोंड मिटताना तीच आधी टेकायची आणि मला बाजूला रेटायची. मी कटकट वाजायचो, ठणकायचो, आणि मालकीण कानच दुखतोय समजून त्यात थेंब घालायची. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! मी किती चिडलो म्हणून सांगू. पुढे तर तोंड जेमतेम बोटभर उघडू लागलं.

एकदा जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं. "माझ्यावर रागावलीस का गं? हल्ली ओठांतल्या ओठांत बोलतेस. मला काही कळत नाही."

तिचे डोळे भरून आले. "नाही हो बाबा," ती कशीबशी म्हणाली. बाबा तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिले.

"अगं, तुझी हनुवटी डावीकडे सरकतेय. दाढेच्या कामाआधी सरळ यायची."

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत ताठ बसली आणि स्पष्ट म्हणाली, "डॉक्टर, उंच लागतेय." त्यांनी कॅप जराशी घासली. एवढ्याशासाठी माझे एवढे हाल.

मित्रांनो, बधिरपणा उतरला की दात मिटून बघा. खुपलं तर बिनधास्त परत जा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

मी अजून पुरता बरा नाही. काल तिने विचारलं, "बाबा, चहा टाकू?" त्यांना पहिल्याच खेपेला कळलं होतं, मी पाहिलं. तरी हसून म्हणाले, "परत बोल ना, किती स्वच्छ बोललीस!" मी दुखत होतो. पण उघडलो.