चार मिनिटांची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिन्यातली पायरी एकदा बसवली की जन्मभर तिथेच. तिला जग दिसते ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तळव्यांपुरते. मी मात्र सुटी पायरी. उचलावी, दारासमोर ठेवावी आणि काम झाले की पुन्हा आत घ्यावी, अशी. मला दोन फळ्या आहेत, एक खालची आणि एक वरची. पाय घसरू नये म्हणून दोन्हींवर जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. रूपाने मी काही देखणी नाही. पण मी जितकी गावे पाहिली तितकी फार थोड्या लाकडांनी पाहिली असतील.

माझा जन्म एका मोडक्या पलंगाच्या फळीतून झाला. मला घडवणारे गृहस्थ सुतार नव्हते. ते बस डेपोत वेळापत्रके बनवायचे. कुठली बस किती वाजता सुटायची, कुठे किती मिनिटे थांबायची, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. डेपोत त्यांना मिनिटराव म्हणत आणि हळूहळू घरीही तेच नाव पडले. डेपोतली एक छोटी बस मोडीत निघाली तेव्हा ती त्यांनी घेतली. आतली बाके काढून दोन बिछाने, एक ओटा, पाण्याची टाकी आणि भांड्यांचे कपाट बसवले. चाकांवरच्या त्या घराला सगळे घरगाडी म्हणू लागले.

घरात माणसे चार. मिनिटराव, त्यांच्या पत्नी, ज्या प्रसूतिगृहात परिचारिका होत्या आणि ज्यांना सारी गल्ली सिस्टर म्हणायची, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जी सतत कशावर तरी चढलेली असायची म्हणून मुंगी, आणि मिनिटरावांची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या. आत्याने एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचे काम केले होते. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात वायर. या गावचा फोन त्या गावाला जोडून द्यायचा. बसून बसून तिचे गुडघे पार गेले होते. ती निवृत्त झाली त्या दिवशी मिनिटराव म्हणाले, "ताई, आता तुला जग दाखवतो." घरगाडीचे दार होते उंच, गुडघाभर. आत्याला चढता यावे म्हणून त्यांनी मला बनवले. म्हणजे मी जन्माला आले ती आत्यासाठी, हे लक्षात असू द्या.

मिनिटरावांनी पहिल्या सहलीचा आराखडा केला तो अगदी बसच्या वेळापत्रकासारखा. आठ दिवस, एकतीस ठिकाणे. दोन धबधबे, तीन किल्ले, एक दीपगृह, एक संग्रहालय, सूर्यास्ताचे तीन कडे, आणि बाकी काय काय. प्रत्येकापुढे पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ. तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला होता आणि मी त्याच्या बरोबर खाली ठेवलेली असे, त्यामुळे तो मला अजून पाठ आहे.

पहिल्या दिवशी मला चार वेळा खाली ठेवले. मला केवढा आनंद झाला! आत्या माझ्यावर एकेक पाय जपून ठेवायची, मुंगी तिचा हात धरायची आणि सिस्टर मागून पाठीला आधार द्यायच्या. उतरायला दोन मिनिटे लागायची, चढायला दोन. मिनिटरावांच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते. संध्याकाळी ते पेन्सिल घेऊन बसले. चार मिनिटे गुणिले एकतीस; दोन तास चार मिनिटे नुसती चढण्याउतरण्यात जाणार. एवढ्यात एक किल्ला होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला अगदी गोड शब्दांत विचारले, की छोट्या ठिकाणी तिने आतूनच पाहिले तर चालेल का. आत्या म्हणाली, चालेल की. तिसऱ्या दिवशी विचारावेही लागले नाही. गाडी थांबली की तीच म्हणायची, "तुम्ही या जाऊन. मी इथूनच बघते."

इथून काय दिसायचे? दीपगृहापाशी आम्ही दोघींनी मिळून एका दुसऱ्या बसची मागची बाजू पाहिली. धबधब्याचा आवाज तेवढा आला. मी कपाटाखाली पडून होते आणि माझ्यासमोर आत्याची पावले होती, घरून निघताना मुद्दाम नव्या चपला घातलेली. मित्रांनो, जिच्यासाठी आपल्याला घडवले तिच्याच पायाशी बिनकामाचे पडून राहणे काय असते ते मी त्या दोन दिवसांत शिकले.

त्या संध्याकाळी सिस्टरनी विषय काढला, की आपण ताईंसाठी निघालो होतो ना? मिनिटराव खरोखरच गोंधळले. ताईला जास्तीत जास्त दाखवावे म्हणून तर ही सगळी धडपड, असे त्यांचे म्हणणे. त्यात खोटे काही नव्हते. माणूस मनाने लोण्यासारखा, फक्त घड्याळाने त्याला बांधून घातले होते.

चौथ्या दिवशी सकाळी इंजिनातून वाफ येऊ लागली. पाणी गळत होते. जवळच्या गावापर्यंत गाडी कशीबशी ढकलत नेली. मेकॅनिकने आत डोके घातले, बाहेर काढले आणि संध्याकाळशिवाय काही होणार नाही असे सांगून टाकले. मिनिटरावांचा चेहरा पडला. दोन किल्ले आणि एक कडा हातचे गेले होते. गावही अगदी साधे. एक मुख्य रस्ता, एक पूल, चार दुकाने. आराखड्यात त्याचे नाव असण्याचे काही कारणच नव्हते.

आत्या मात्र खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती. पाटीवर गावाचे नाव होते. ती दोनदा वाचून झाल्यावर तिने मुंगीला सांगितले, "पायरी लाव गं."

ती उतरली आणि तडक वाण्याकडे गेली. इथे पूर्वी टेलिफोन ऑफिस होते, तिथे एक बाई होत्या, त्या आहेत का, असे विचारू लागली. बाईंचे नाव तिला ठाऊक नव्हते. बोर्डावर या गावाची लाइन दुसरी, म्हणून एकतीस वर्षे ती त्यांना 'दोन नंबर' म्हणत आली होती. वाण्याने हसत समोर बोट दाखवले. ऑफिस आता बंद झाले होते, पण ऑपरेटरबाई होत्या. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहत होत्या.

मुंगीने मला काखोटीला मारले होते, आत्याला वाटेत टेकायला काही हवे म्हणून. मिनिटराव आणि सिस्टरही मागोमाग आले. सायकल दुकानाशेजारचा जिना उभा आणि अरुंद होता. तो चढणे आत्याच्या गुडघ्यांना जमणारे नव्हते. ती माझ्यावर बसली, दम घेतला आणि वर खिडकीकडे तोंड करून बोलली. तो आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, ठाम, प्रत्येक अक्षर सुटे.

"हॅलो, दोन नंबर. लाइन मोकळी आहे का?"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग आतून एक घोगरा आवाज आला. "मोकळी आहे. बोला, हेड ऑफिस."

आणि पाठोपाठ खोकल्याची एक मोठी उबळ. आत्या आमच्याकडे वळून म्हणाली, "तीच. हा खोकला तिचाच."

जिन्यावरून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई भिंतीला धरत खाली आली. तिने आत्याला नखशिखांत न्याहाळले. मग ती बाई म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही चांगल्या उंच असाल."

"उंची सगळी आवाजातच गेली," आत्या म्हणाली.

आत्या माझ्या वरच्या फळीवर होती. ती बाई खालच्या फळीवर टेकली. माझ्यावर एका वेळी दोन माणसे पहिल्यांदाच बसली होती. मी करकरले, पण हलले नाही. त्यांच्या बोलण्यातून जे कळले ते मिनिटरावांनाही नवीन होते. पुष्कळ वर्षांपूर्वी वरच्या बाजूच्या धरणाला भगदाड पडले होते. या दोघींनी सलग एकोणीस तास बोर्ड सोडला नव्हता. या बाई पाणी कुठवर आले ते सांगत होत्या आणि आत्या तिकडून एकेका अधिकाऱ्याला शोधून फोन जोडत होती. टेकावरच्या शाळेचे कुलूप तोडून लोकांना आत घ्या, हा निरोप आत्यानेच पोहोचवला होता. सातशे माणसे त्या शाळेत राहिली. घरी येऊन आत्याने तेव्हा एवढेच सांगितले होते, की आज ड्यूटी जरा लांबली.

मग त्या बाई आत्याला ती शाळा दाखवायला घेऊन गेल्या. हळूहळू, थांबत थांबत. मुंगी मला प्रत्येक थांब्यावर मांडत होती. शाळा अगदी साधी होती. हिरवे फाटक, घंटा, पत्र्याचे छप्पर, मधल्या सुट्टीत पळणारी मुले. पर्यटक म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. आत्या माझ्यावर बसून अर्धा तास तिच्याकडे बघत राहिली. मिनिटरावांनी सवयीने मनगट वर केले, पण घड्याळ न बघताच हात खिशात घातला.

संध्याकाळी गाडी दुरुस्त झाली. कोणी निघायचे नाव काढले नाही. मिनिटराव आत्याजवळ येऊन बसले.

"ताई, अशी आणखी किती गावं आहेत?"

"असतील अठरा-वीस."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस, बघण्यासारखं काय काय आहे. या गावांत बघण्यासारखं काही नाही रे. मी नुसती ऐकलीयेत ती. वाटायचं, एकदा बघावीत."

मिनिटराव उठले आणि त्यांनी कपाटावरचा आराखडा सोलून काढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर नवा लिहिला, आत्याला शेजारी बसवून. त्यात उरलेल्या चार दिवसांसाठी चारच नावे होती.

मित्रांनो, त्यानंतरची अकरा वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. दरवर्षी घरगाडी निघायची. मिनिटरावांचा स्वभाव काही बदलला नाही, ते अजूनही पट्टीने रेघा मारून आराखडा करत. पण आता ते एखादे ठिकाण लिहिण्याआधी विचारायचे, तिथे उतरून आपण करणार काय? नुसते 'बघणार' असे उत्तर आले तर ते नाव पुढच्या वर्षावर जायचे. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. एक दुपार कोरी सोडायची, इंजिन बिघडेल त्याची वाट न पाहता. मुंगीने एकदा मिठागर निवडले, एकदा चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना. मिनिटराव स्वतः परगावच्या बस डेपोत जाऊन तिथली वेळापत्रके वाचत उभे राहत आणि मधूनच चुकचुकत. मला प्रत्येक ठिकाणी खाली ठेवले जाई. माती, वाळू, खडी, डांबर, शेवाळ. सगळ्यांची मला ओळख झाली. वाटेतले लोक माझे कौतुक करत आणि मिनिटराव माझी मापे लिहून देत.

मग आत्या गेली. अगदी शांतपणे गेली, घरच्या बिछान्यात. त्या वर्षी घरगाडी निघाली नाही, पुढच्याही वर्षी नाही. मुंगी शिकायला परगावी गेली. गाडीला गंज चढला आणि एक दिवस ती ओढून नेली. मला तेवढे मिनिटरावांनी काढून घेतले. पण काढून घेणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे. मला मागच्या अंगणात ठेवले. माझ्यावर रंगाचे डबे आले, मग कुंड्या. उन्हाने फळ्या तडकल्या, पाण्याने स्क्रू गंजले. एक बाजू हलू लागली होती, ते मला कळत होते, सांगणार कोणाला?

आता जे सांगते ते सांगताना मला अजून लाज वाटते. एके सकाळी सिस्टरना माळ्यावरची गोधडी काढायची होती. त्यांनी माझ्यावरच्या कुंड्या बाजूला केल्या, मला आत नेले आणि विश्वासाने वरच्या फळीवर पाय ठेवला. माझा स्क्रू तुटला. त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. ज्या हातांनी हजारो बाळे झेलली, त्यांतला एक दोन महिने प्लास्टरमध्ये राहिला. मला कोणी दोष दिला नाही. मिनिटरावांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकले, एवढेच. दोष दिला असता तर बरे वाटले असते.

टाकीमागे मी तीन वर्षे होते. मुंगी आता शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या सुट्टीत ती भाड्याची घरगाडी घेऊन दारात आली. आईबाबांना फिरवून आणायचे तिने ठरवले होते. तिने मला शोधून काढले, उन्हात पुसले, गंजके स्क्रू एकेक उपसून नवे घातले, फटीत सरस भरला, आणि स्वतः माझ्यावर चार उड्या मारून पाहिल्या. मग आराखड्याची वही उघडून ती आईजवळ बसली आणि विचारू लागली, की या वेळी तू सांग, कुठे जायचं? समुद्र, डोंगर, जुनी देवळं, काय हवं ते.

सिस्टरनी ती वही मिटली. मग म्हणाल्या, "ठिकाण कुठलंही चालेल. मला पुढच्या सीटवर बसायचंय."

मुंगीला क्षणभर कळलेच नाही. मग कळले. लहानपणी मागे बसले की तिला उलटी व्हायची, म्हणून पुढची जागा नेहमी तिची. दारापाशी आत्या. आणि सिस्टर सगळ्यात मागे, ओट्याला टेकून, भांडी पडू नयेत म्हणून एका हाताने कपाट धरून. बारा सहलींत त्यांनी प्रत्येक रस्ता पाहिला तो मागच्या काचेतून, मागे पडताना. आम्हा कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. माझ्याही नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्यावर रोज पाय ठेवता त्या वस्तूकडे अधूनमधून वाकून बघत जा. एखादा स्क्रू वेळीच आवळला तर कोणाचा तरी हात वाचतो. आणि सहलीचा आराखडा कराल तेव्हा ठिकाणे मोजण्याआधी गाडीतली माणसे मोजा, कोण कुठे बसले आहे तेही बघा.

निघायच्या दिवशी मिनिटराव मागच्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी एका हाताने कपाट धरले. मुंगीने मला उचलले. मी आजवर ज्या दारापाशी कधीच गेले नव्हते, त्या पुढच्या दारासमोर तिने मला ठेवले, नीट, चारी बाजूंनी टेकवून. सिस्टरनी आधी माझ्याकडे पाहिले, मग पाऊल ठेवले. मी जराही हलले नाही.