एर्मांसिया मावशीच्या कानापर्यंत

मी एक जुना कर्णा आहे. हातात धरून बोलतात ना, तसला. माझ्या तोंडाला चीर गेली आहे, बॅटरीचे झाकण चिकटपट्टीच्या आधाराने तग धरून आहे आणि बटण दाबले की मी आधी खाकरायचो, मग बोलायचो. पोर्ट-ओ-प्रिन्स शहरातल्या एका दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, बादल्यांच्या चळतीवर मी पडून असतो. खोलीत उंदीर आहेत आणि छपर गळते. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला तुम्हाला एर्मांसिया मावशींबद्दल सांगायचे आहे.

माझा जन्म दूर देशीच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसाने माझ्यातून नुसते "हॅलो, हॅलो" केले आणि साबणाच्या वड्यांबरोबर मला खोक्यात कोंबले. जहाजातून मी इथे उतरलो तेव्हा भूकंपाने हे शहर भुईसपाट झालेले होते. बेघर झालेली माणसे फुटबॉलच्या मैदानावर ताडपत्र्या बांधून राहत होती. ताडपत्रीला ताडपत्री लागून, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. त्या छावणीत मला पहिल्यांदा गळ्यात अडकवले ते ईस्लांदने.

ईस्लांद भूकंपाआधी बाजारात तळलेली केळी विकायची. तिची हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाई, म्हणूनच तिला आरोग्यसेविका नेमले असावे. रोज सकाळी ती मला घेऊन छावणीभर फिरे. संडासाहून आलात की हात धुवा, साबण नसेल तर राख घ्या, पाण्याचे पिंप झाकून ठेवा, पिंपात पेला बुडवू नका. तेच तेच. माझा घसा बसायची वेळ येई.

"आली बघा साबणवाली!" पाण्याच्या रांगेतल्या बायका ओरडत. "अगं, हात धुवा म्हणतेस, पण त्या हातांनी खायचं काय, ते सांग की!"

"आधी धुवा तरी," ईस्लांद माझ्यातून उत्तर देई, "मग आपण सगळ्या मिळून स्वच्छ हातांनी उपाशी बसू!"

रांग खो खो हसे. तेव्हा मी नवाकोरा होतो आणि माझी ऐट काय वर्णावी! मला वाटे, छावणी माझ्याच जिवावर चालली आहे.

पाऊस सुरू झाला आणि पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी कपडे पिळणारी बाई संध्याकाळी नसे. जुलाबाने माणूस असा सुकून जाई की सख्ख्या आईला ओळखू येऊ नये. ईस्लांद मीठ-साखरेचे पाणी पाजत धावत होती आणि मी तिच्या छातीवर आपटत होतो. मग दवाखान्यातून एक नवा हुकूम आला. पटकीने गेलेल्या माणसाला घरच्यांनी हात लावायचा नाही, आंघोळ घालायची नाही. मुखवटे घातलेली माणसे येतील, औषध फवारतील, पिशवीत बांधून नेतील.

हुकूम खोटा नव्हता. मेलेल्या माणसाच्या अंगावर रोग जिवंत असतो. पण इथे एर्मांसिया मावशी होत्या.

मावशींचे काम मेलेल्यांना आंघोळ घालण्याचे. पानांच्या कोमट पाण्याने त्या गेलेल्याचे अंग धूत, त्याच्याशी बोलत, त्याला समजावत. शेवटी कानाशी वाकून जिवंत माणसांचे निरोप सांगत. म्हणजे आईला म्हणावे, मुलगी सुखरूप आहे. आजोबांना म्हणावे, शेत विकले नाही. गेलेला माणूस हे निरोप आधी गेलेल्यांना पोचवतो, असे इथे सगळे मानतात. असे निरोप सोबत न घेता गेलेला माणूस तिकडे रिकाम्या हाताने पोचतो. भूकंपात ईस्लांदची आई गेली तेव्हा तिलाही मावशींनीच धुतले होते.

प्रेनॉर नावाच्या गवंड्याचे वडील पटकीने गेले. त्याने मावशींना बोलावणे धाडले. ईस्लांदला कुणकुण लागली तशी ती धावत सुटली. वाट माणसांनी भरलेली होती, आत जाता येईना. तिने मला तोंडाला लावले.

"प्रेनॉरच्या वडलांना कुणीही शिवू नका! एर्मांसिया मावशींचे हात लागले तर रोग घरोघर जाईल! त्यांना आत घेऊ नका!"

मित्रांनो, कर्ण्यातून बोललेले सगळ्या गावाला ऐकू जाते. हीच तर भानगड आहे. मावशी हातात पानांची टोपली घेऊन जागच्या जागी थबकल्या.

"माझ्या हातांना चव्हाट्यावर नाव ठेवतेस?" त्या म्हणाल्या. "याच हातांनी तुझ्या आईच्या केसांतली माती काढली गं मी."

"मावशी, नियम आहे." ईस्लांदचा आवाज चिरकला. तोही मी मोठा करून सगळ्यांना ऐकवला.

"नियम!" प्रेनॉर थुंकला. "उद्या तुझ्या दारात आला म्हणजे कळेल!"

त्याच्या वडिलांना पिशवीत घालून नेले. कुणी आडवे आले नाही. मला वाटले, आपण जिंकलो.

त्यानंतर कुणी आम्हाला काही सांगेनासे झाले. "तुमच्याकडे कुणी आजारी?" असे विचारले की "छे, सगळे ठणठणीत!" एवढेच उत्तर. माणसे मात्र मरतच होती. ताडपत्रीच्या आडोशाला मावशी गुपचूप आंघोळ घालत, ते पाणी गटारात जाई आणि गटार नळाखालून वाही. मग त्याच हातांनी शोकाला आलेल्यांना कॉफी आणि पाव वाटले जात. राख नाही, साबण नाही. साबणासाठी ईस्लांदकडे यावे लागे आणि ईस्लांदकडे येणे म्हणजे चुगली केल्यासारखे झाले होते. मी रोज बोंबलत फिरत होतो. माझा आवाज ऐकू आला की लोक पडदे ओढून घेत. असे अपमान मी फार गिळले.

प्रेनॉरची धाकटी मुलगी गेली ती याच दिवसांत. आम्हाला पत्ताही नव्हता. कळले ते मावशी पाण्याच्या रांगेत दिसल्या नाहीत तेव्हा.

ईस्लांद त्यांच्या ताडपत्रीत शिरली. मावशींचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. ईस्लांदने चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजायला घेतले. ते पोटात ठरेना. तेवढ्यात प्रेनॉर एक तुटका दरवाजा घेऊन आला. त्याने आणि ईस्लांदने मावशींना त्यावर निजवून उपचाराच्या तंबूत नेले. तंबूत पोचल्यावर प्रेनॉर म्हणाला, "पोरीला धुवायला मीच बोलावलं होतं त्यांना."

शिरेतून सलाइन लावली, पण फार उशीर झाला होता. मावशी शुद्धीवर होत्या.

"मला कोण धुणार गं?" त्यांनी विचारले.

ईस्लांद रडत रडत त्यांचे ओठ ओले करू लागली.

"नको धुऊ. फवार तुझं ते औषध, घाल पिशवीत," मावशी म्हणाल्या. "लोकांचे निरोप सांगण्यात जन्म गेला माझा. मला मात्र मुकी पाठवू नका. तेवढं कर."

दुपारी त्या गेल्या.

मुखवटेवाले आले. त्यांनी तंबूभोवती दोरी बांधली. दोरीच्या आत कुणी जायचे नाही. बाहेर सारी छावणी जमली होती आणि कुणाच्याही नजरेत ईस्लांदबद्दल माया नव्हती. निरोप कानाशी सांगायचा असतो आणि कान दोरीच्या पलीकडे, फार लांब होता. ईस्लांदने मुखवटेवाल्यांना हात जोडून विचारले, "थोडा वेळ पिशवीचं तोंड उघडं ठेवाल?" त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मान डोलावली.

तिने दोरीपाशी क्लोरीनच्या पाण्याची बादली ठेवली. आपले हात धुतले, मला पुसून घेतले आणि माझा आवाज अगदी कमी केला. एवढा कमी आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "आईला सांगा, मी तुम्हाला चारचौघांत बोलले. तिला म्हणावं, रागव मला. आणि तुम्हीही रागवा."

मग मला बादलीपाशी ठेवून ती बाजूला झाली. बराच वेळ कुणी पुढे आले नाही. शेवटी प्रेनॉर आला. त्याने बादलीत हात बुडवले, साबण लावला, चोळचोळून धुतले आणि मला उचलले. त्याने मला तोंडाशी इतके जोरात ओढले की मी दातांवर आपटलो.

"मावशी, माझी पोर तिकडे नवीन आहे. तिला अंधाराची भीती वाटते. तेवढं तिच्याजवळ बसा."

मग रांग लागली. एकेक जण येई, हात धुई, मला घेई, निरोप सांगे, मला पुसून पुढच्याच्या हाती देई. इतके दिवस मी घसा फोडून जे सांगत होतो, ते त्या दुपारी कुणीही न सांगता सगळ्यांनी केले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मावशी पिशवीत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून लोक बोलावू लागले. आजारी माणूस लवकर तंबूत पोचू लागला. कुणी गेले तर दोरी बांधत आणि दोरीपाशी मला आणत. मरणे थांबली नाहीत, कमी झाली. एरवी मात्र ईस्लांद कुणाकडे गेली की मला बाहेरच्या बांबूला टांगून आत जाई, जमिनीवर बसे आणि हलक्या आवाजात बोले. महिनोन्महिने मी असा टांगलेला राहिलो. सुरुवातीला मला तिचा फार राग आला. आता येत नाही.

मित्रांनो, साबण लावून हात धुवा, पाणी झाकून ठेवा. मला दुसरे काही येत नाही, म्हणून हे पुन्हा सांगतो. आणि कुणाला त्याच्या भल्याचे काही सांगायला जाल, तेव्हा आधी त्याच्या घरात जाऊन बसा. तो काय गमावून बसला आहे ते विचारा. माझी बॅटरी कधीच संपली आहे. जवळ बसून बोलणाऱ्याला ती लागतही नाही.