एकशे एकोणसाठ दोऱ्या

दिवाळीला गावी आलेला माणूस पहिल्या दिवशी झोपतो, दुसऱ्या दिवशी खातो आणि तिसऱ्या दिवशी पोटावरून हात फिरवून चिंता करतो. ऋतुराजला मात्र असा धीर निघत नसे. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता, वर्षाला दोन अर्धमॅरेथॉन पळायचा आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचा. मुकुंदवाडीच्या घरात बॅग टेकवून तोंडात पहिला लाडू असतानाच त्यानं मित्राला, बिभीषणला, फोन लावला. "उद्या साडेपाचला, रस्त्यावर." पलीकडून बिभीषण म्हणाला, "ये," आणि फोन ठेवला. बिभीषणला बोलण्याची हौस कमीच.

रस्ता म्हणजे स्टेशनच्या पलीकडं रुळाला धरून जाणारा कच्चा रस्ता. चुना फासलेल्या एका विजेच्या खांबापासून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत तो सरळ जातो. पाच वर्षांपूर्वी, लॉकडाऊनमध्ये, ऋतुराज घरून काम करत होता, दोघांच्या मित्राचं, शिवराजचं, शहागंजमधलं मोबाईल कव्हरचं दुकान बंद होतं आणि बिभीषणला पोलीस व्हायचं होतं. तेव्हा तिघांनी या रस्त्यावर पळायला सुरुवात केली. भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की पैकीच्या पैकी गुण, आणि तेवढे पडल्याशिवाय यादीत नाव लागत नाही, असं सगळी पोरं धरून चालायची. शिवराज दोन दिवसांत धापा टाकून बाजूला झाला आणि त्यानं स्टॉपवॉच हातात घेतलं, ते आजतागायत.

सोळाशे मीटर मोजायचे कसे, हा तेव्हा प्रश्न आला होता. शिवराजच्या फोनमधल्या अ‍ॅपनं तीन वेळा तीन आकडे दिले. दुकानं बंद, टेप कुठून आणणार? ऋतुराज म्हणाला, "आमच्या आप्पांची दोरी आणतो. तेहतीस फुटी. इंचाचा फरक निघायचा नाही." आप्पा म्हणजे त्याचे आजोबा. एका गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, हे शेतकऱ्याच्या घरात पोराला पाढ्यांच्या आधी कळतं. ऋतुराजनं हिशेब केला, सोळाशे मीटर म्हणजे एकशे एकोणसाठ दोऱ्या. एक टोक त्यानं धरलं, दुसरं बिभीषणनं. मोजणी बिभीषणकडं होती. दर दहा दोऱ्यांना तो एक खडा खिशात टाकायचा. पंधरा खडे आणि वर नऊ दोऱ्या झाल्या तेव्हा ते फाटकापाशी पोचले, आणि इंजिनियरनं मोजलंय म्हटल्यावर पुन्हा मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

बिभीषण पाच वर्षं त्या रस्त्यावर पळाला. बिडकीनच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं तो कामाला होता. शिफ्ट बदलली की पळायची वेळ बदलायची, पळणं चुकायचं नाही. त्याचा टाईम यायचा पाच सव्वीस. कधी पाच चोवीस. पाच दहा काही येईना. रस्त्यावर टाईम आल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही, अशी त्यानं स्वतःशी गाठ मारून घेतली होती. "खाडे करून तिथं जायचं आन हसं करून घ्यायचं, कुणी सांगितलंय?" असं म्हणत त्यानं दोन भरत्या सोडल्या. आता तिसरी निघाली होती. फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते आणि फेब्रुवारीत बिभीषणचं वय अटीबाहेर जाणार होतं. यंदाही तो भरणार नव्हता.

सकाळी तिघं खांबापाशी जमले. ऋतुराजच्या मनगटावर नवं घड्याळ होतं, उपग्रहावरून अंतर सांगणारं. त्याची किंमत शिवराजनं दोनदा विचारून घेतली. शिवराजनं स्कूटीवर बसून हात खाली केला आणि बिभीषण सुटला, स्कूटी मागोमाग. बारीक अंगाचा, ताठ मानेचा, पावलांचा आवाज न करता पळणारा माणूस. ऋतुराज शंभर पावलांतच मागं पडला आणि मागंच राहिला. अर्धमॅरेथॉनचा त्याचा रुबाब या रस्त्यावर चालत नसे.

फाटकापाशी तो पोचला तेव्हा बिभीषण कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पाच सत्तावीस," शिवराज म्हणाला. "क्या करें भाई, येतच नाही ना."

"नाय येत," बिभीषण म्हणाला. त्यानं ते पावसाबद्दल बोलावं तसं म्हटलं.

ऋतुराजनं घड्याळ पाहिलं. सतराशे मीटरला फक्त चार कमी. त्याला वाटलं घड्याळ गंडलं. घरी जाताना तो एकटा मागं राहिला आणि फाटकापासून खांबापर्यंत चालत आला. पुन्हा तोच आकडा. मग त्यानं मनातल्या मनात भागाकार केला. बिभीषण रोज जवळजवळ शंभर मीटर जास्त पळत होता. खऱ्या सोळाशेला त्याचा टाईम पाच सात, पाच आठ होत होता. पाच वर्षं होत होता.

घरी आल्यावर त्यानं जिन्याखालच्या खोलीतली दोरी काढली, जाड सुती, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या. घर बांधताना वडिलांनी, राजेंद्ररावांनी, आणलेला स्टीलचा टेप त्यानं गच्चीवर पसरला. पस्तीस फूट. दोनदा मोजली, पस्तीसच. दोरी खांद्यावर टाकून तो खाली आला. आप्पा ओट्यावर खुर्चीत बसून फोनवर बातम्या ऐकत होते. वय शहाऐंशी, कान अजून तिखट.

"आप्पा, ही दोरी ताणली गेलीय. पस्तीस भरतेय."

"ताणली कशानं? पयल्यापसून पस्तीसच हाय ती."

"पण गुंठा तेहतीसचा ना?"

"वाटणीचा तेहतीसचा. ती दोरी कपाटात हाय. ही कामाची." नातवाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यांनी बातम्यांचा आवाज कमी केला. "बायांला खुरपायला उक्तं द्यायचं, ते हिच्यानं मापून द्यायचं. कामाची आन वाटणीची दोरी येक कशी आसंल?"

प्यायच्या पाण्याचा तांब्या वेगळा आणि वापरायचा वेगळा, हे पोराला समजावून सांगावं तशा सुरात ते बोलले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. भावाभावांत शेत वाटायचं तर तेहतीस फूट. बायांना गुंठ्यावर काम द्यायचं तर पस्तीस. गुंठ्याची मजुरी तीच, खुरपायचं रान जास्त.

ऋतुराज दोरी गुंडाळत उभा राहिला. खुरपायला येणाऱ्या बायांत बिभीषणची आई होती, बानाबाई. ऋतुराज शाळेत होता तेव्हापासून ती त्यांच्या रानात यायची, शेत बिल्डरला जाईपर्यंत. त्याला लाज वाटली. आप्पांचा रागही आला. पण ज्या म्हाताऱ्यानं आपल्याला सायकल शिकवली, त्याला दिवाळीत काय बोलायचं, हेही त्याला कळेना. त्यानं दोरी होती तिथं नेऊन ठेवली.

रात्रभर विचार करून त्यानं एक सोपा रस्ता काढला. शिकलेल्या माणसाला असे रस्ते लवकर सापडतात. बिभीषणला अंतर सांगायचं, दोरी सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी रस्त्यावर गेला आणि घड्याळ पाहून फाटकाच्या अलीकडं चुन्याची रेघ मारून आला. बाकीचे दोघं आल्यावर म्हणाला, "मोजण्यात काहीतरी गडबड झालीय. सोळाशे रेघेपाशी संपतात. काल मी दोनदा पाहिलंय." शिवराजनं ऋतुराजला स्कूटीवर मागं घेतलं. बिभीषणनं शिवराजच्या हाताकडं पाहिलं. तो सुटला.

"पाच सात!" शिवराज ओरडला. "पाच सात, भाई! आईशप्पथ!" त्यानं बिभीषणला मिठी मारली. बिभीषणनं स्टॉपवॉच स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं, मग रेघेकडं पाहिलं, मग फाटकाकडं. तो हसला. ऋतुराजनं त्याला असं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर त्याला वाटलं, झालं, भागलं.

"पर गडबड झाली कशी?" बिभीषणनं विचारलं.

"गिनती चुकली असेल."

"गिनती मी केली व्हती."

ऋतुराज बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

बिभीषणनं फाटकापर्यंतचं अंतर नजरेनं जोखलं. "धा दोऱ्या हायेत ह्या. म्हंजी येक खडा कमी टाकला मी." त्यानं कपाळावर हात मारला. "येका खड्यापायी पाच वर्षं! काय म्हणावं मला!"

"असेल," ऋतुराज म्हणाला.

फॉर्म आजच भरायचा ठरलं. कागदपत्रं घ्यायला तिघं बिभीषणच्या घरी गेले. स्टेशनमागं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बानाबाई चुलीपुढून उठली, ऋतुराजपुढं चकल्यांची ताटली ठेवली, चहा ठेवला. त्याला ती लहानपणापासून ऋतूदादाच म्हणायची, आणि तिचा पोरगा त्याला रुत्या म्हणायचा. या दोन हाकांमधलं अंतर कधी मोजावं, असं त्याला आजवर वाटलं नव्हतं.

बिभीषण पेटीतून दाखले काढता काढता आईला सांगत होता, कधी नव्हे ते भडाभडा. रस्ता जास्त निघाला, टाईम आला, फॉर्म भरतो. "समदी चूक माझी, आई. मापताना येक खडा इसरलो. दोन भरत्या घालीवल्या."

"कशानं मापलं व्हतं?" बानाबाईनं विचारलं.

"दोरीनं. आप्पाच्या."

बानाबाई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आरं, मंग खडा कशाला इसरशील? ती दोरीच लांब हाय. बावीस हात पायजे, ती सव्वातेवीस भरती. आमच्यातल्या गोजरबाईनं बांधावर बसून हातानं मापली व्हती. त्या दोरीला आमी सासू म्हणायचो. कितीबी करा, पुरतच नाय."

"मंग बोलली का नाय कधी?"

"कुणाला बोलावं? बोललं की दुसऱ्या दिशी रानात दुसऱ्या बाया." चहा गाळता गाळता तिनं सहज मान वळवली. "तुमाला ठावं नव्हतं व्हय, ऋतूदादा?"

नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. ते जवळजवळ खरंही होतं. ऋतुराजनं बिभीषणकडं पाहिलं. हातात जातीचा दाखला धरून तो उत्तराची वाटही पाहत नव्हता, इतकी त्याला त्या उत्तराची खात्री होती. मग ऋतुराजच्यानं खोटं बोलवेना.

"काल कळलं," तो म्हणाला.

पेटीचं झाकण बिभीषणनं हळूच खाली ठेवलं. "काल?"

"काल सकाळी. आप्पांनीच सांगितलं."

"आन आज मला म्हणला, गिनती चुकली."

"आप्पांचं नाव यायला नको वाटलं, बिभ्या. दुसरं काही नाही."

बिभीषणनं दाखले एकावर एक ठेवले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीचं तोंड दुमडलं.

"माझं आलं तर चालतंय," तो म्हणाला.

ते तो मोठ्यानं बोलला नाही. शिवराज ताटलीतली चकली उचलायच्या बेतात होता, त्यानं हात मागं घेतला. बानाबाई पोराकडं बघत राहिली, पण त्याला गप्प कर म्हणाली नाही.

"चल, नेट सेंटर उघडलं आसंल," बिभीषण शिवराजला म्हणाला. दोघं उठले. बाहेर शिवराजची स्कूटी सुरू झाली, थोडा वेळ तिथंच फुरफुरत थांबली. शिवराज काहीतरी म्हणाला, आणि मग स्कूटी गेली.

ऋतुराज बसून राहिला. उठून जावं तर ते पळून जाण्यासारखं होतं, आणि बसावं तर कुणी बस म्हणत नव्हतं. बानाबाईनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला आणि स्वतःचा घेऊन चुलीपाशी बसली, त्याच्याकडं पाठ करून.