माझी तारीख कोणी फिरवली?

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि आज मला तुमच्याशी गोड बोलता येणार नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा हळहळतात. मी हळहळणार नाही. माझ्या तोंडून खोटे वदवले गेले आहे आणि त्याचा दोषही माझ्याच माथी मारला गेला आहे. म्हणून जे घडले ते सरळ सांगतो.

एका अरुंद दुकानात शिक्के बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. लोखंडी चौकट, वर लाकडाची गोल मूठ आणि पोटात रबराचे तीन पट्टे. एक दिवसाचा, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. बाजूची दातेरी चाके फिरवली की तारीख बदलायची. तारखेच्या वर 'नगरपालिका' आणि खाली 'मिळाले' अशी अक्षरे होती. कारागिराने मला एका कागदावर दाबून पाहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "जमलं." मला वाटते, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा शब्द.

मग मी नगरपालिकेच्या आवक खिडकीवर आलो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद तिथे घेतला जातो, त्यावर क्रमांक पडतो आणि माझा ठसा उमटतो. खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे ठप्पाबाई म्हणत, कारण त्या मला अशा दणक्यात मारत की पलीकडच्या टेबलावरचा चहा हिंदकळे. बावीस वर्षे आम्ही बरोबर काम केले. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी त्या अंगठ्याच्या नखाने माझे चाक फिरवत, रद्दीवर एक ठसा घेत आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहत. एकही दिवस चुकला नाही. जन्माच्या नोंदी, बंद पडलेले दिवे, फुटलेले नळ असे सगळे माझ्याखालून गेले. एका गृहस्थाने शेजाऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध अकरा अर्ज दिले. अकराही मी तितक्याच गांभीर्याने छापले. जुने हेडक्लार्क म्हणायचे, "या शिक्क्यावर घड्याळ लावून घ्यावं."

गाव वाढत गेले, त्याचे शहर होऊ लागले आणि पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा तयार झाला. कुठे घरे, कुठे रस्ते, कुठे शाळा, हे रंगांनी दाखवणारा मोठा नकाशा सभागृहात लागला. लोकांनी साठ दिवसांत हरकती आणि सूचना द्याव्यात, अशी नोटीस निघाली. ऐकायला किती छान! पण नकाशा लावला होता भिंतीवर इतका उंच, की खालची अक्षरे वाचायला शिडी लागावी. आणि पहिले तीस दिवस सभागृहाला कुलूप होते, कारण म्हणे रंगकाम चालू होते. मी बावीस वर्षांत त्या भिंतींना रंग लागल्याचे ऐकले नव्हते, आणि तेव्हाही लागला नाही.

कुलूप निघाल्यावर पहिल्याच दिवशी पंपकाका आले. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. सोबत त्यांची सून होती. ती घरी शिवणकाम करायची. काकांनी मान वर करून नकाशा पाहिला आणि खिडकीशी येऊन ठप्पाबाईंना विचारले, "बाई, पंपघरामागचा सखल भाग पिवळा का हो दिसतोय?"

"पिवळा म्हणजे घरं, काका."

"घरं? अहो, सगळ्या गावाचं पाणी उतरून तिथं थांबतं! दर पावसाळ्यात कुठवर चढलं त्याच्या खुणा मी भिंतीवर केल्यात. एका वर्षी माझ्या छातीला लागलं होतं. तिथं घरं बांधली तर त्या घरांत पाणी शिरेल, आणि भराव घातला तर ते आमच्या घरांत शिरेल."

"मग लिहून द्या," ठप्पाबाई म्हणाल्या. "तोंडी काही चालत नाही."

काकांनी लिहून दिले नाही. त्यांनी सगळ्या वस्तीकडून लिहून घेतले. रोज सकाळी सासरा आणि सून दारोदार जायचे. काका समजावून सांगत, सून लिही आणि घरचे सही करीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती दोघे खिडकीवर आली, तेव्हा सुनेच्या डोक्यावर कापडाचे गाठोडे होते. त्यात तीनशे बारा हरकती होत्या.

ठप्पाबाईंनी क्रमांक टाकायला सुरुवात केली. दोन हजार एकशे चौदापासून दोन हजार चारशे पंचवीसपर्यंत. हात अवघडले तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटचा क्रमांक पडला, त्यांनी मला उचलले, आणि तेवढ्यात नगररचना विभागाचे साहेब बाहेर आले.

"बाई, एवढे ठप्पे तुम्ही कधी मारणार? द्या इकडे, मी बघतो. आजोबा, तुम्ही जा. पोच उद्या सकाळी मिळेल."

काकांचे पाय सुजले होते. सून म्हणाली, "चला बाबा, साहेब स्वतः करतायत." ती दोघे विश्वासाने गेली.

साहेबांनी मला आणि गठ्ठ्याला केबिनमध्ये नेले आणि दार लावले. मग पेनाच्या टोकाने माझे दिवसाचे चाक फिरवले. एकच दात, मित्रांनो! एका दाताने आजचा उद्या झाला आणि तीनशे बारा घरांची हरकत मुदतीबाहेर गेली. मी अडून पाहिले. पण ज्याची मूठ दुसऱ्याच्या हातात, त्याने अडायचे तरी कसे? मूळ कागद आणि पोच मिळून साहेबांनी सहाशे चोवीस ठसे मारले. मधे मनगट झटकले, पाणी प्यायले आणि पुन्हा मारू लागले. सहाशे चोवीस वेळा माणूस चुकत नाही. त्या जमिनीवर कोणाचा डोळा होता, मला ठाऊक नाही. मी कागदाबाहेरचे पाहत नाही. पण माझ्या तोंडी घातलेले खोटे मला कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठप्पाबाईंनी माझ्या चाकाला नख लावले आणि त्या थबकल्या. तारीख आधीच पुढे गेलेली होती. त्यांनी रद्दीवर ठसा घेतला, कॅलेंडरकडे पाहिले, केबिनच्या दाराकडे पाहिले. सून पोच न्यायला आली. पोचेवर त्या सकाळचीच तारीख होती, म्हणून तिला काही खटकले नाही. ठप्पाबाईंना मात्र खटकले होते. तरी त्यांनी गठ्ठा मुकाट्याने पुढे सरकवला. मला त्यांचाही राग आला. पुढचे तीन आठवडे त्यांनी मला मारले, पण त्यात पूर्वीचा दणका नव्हता. चहा हिंदकळेना.

मग सुनावणी झाली. सभागृह खचाखच भरले. बाहेरून आलेल्या अधिकारी मॅडम टेबलामागे बसल्या. ठप्पाबाईंना आवक रजिस्टर आणि शिक्का घेऊन कोपऱ्यात बसवले होते. पंपकाकांचे नाव पुकारले जाताच साहेब उठले.

"मॅडम, या सगळ्या हरकती मुदत संपल्यावर आल्यात. शिक्का बघा."

"संपल्यावर?" काका म्हणाले. "मी खिडकीवर उभा होतो हो! शेवटच्या दिवशी, दुपारी!"

सुनेने घाईघाईने पिशवीतून पोच काढली, तारीख वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "पोच साहेबांनीच दुसऱ्या दिवशी न्यायला सांगितली होती," ती म्हणाली. "मी वाचली, पण मला कळलंच नाही."

"आम्हाला कागद बघावा लागतो, आजोबा," साहेब हसून म्हणाले. मागच्या रांगेत दोघेतिघे हसले. काका खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसू लागले.

तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची करकरली. ठप्पाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मॅडम, कागदच बघा. पण नंबरसकट बघा. यांचा शेवटचा नंबर चोवीसशे पंचवीस. त्यानंतर त्याच दिवशी नळाची एक तक्रार आली, तिचा नंबर चोवीसशे सव्वीस. तिच्यावर तारीख मी हातानं घातलीय, सही केलीय. ती मुदतीतली तारीख आहे. मागून आलेला कागद मुदतीत, मग आधी आलेले बाहेर कसे?"

"हातानं का घातली?" मॅडमनी विचारले.

"शिक्का खिडकीवर नव्हता. साहेबांच्या केबिनमध्ये होता."

साहेब म्हणाले, "जुना शिक्का आहे, चाक आपोआप सरकतं." मॅडमनी मला मागवले. हलवले, आपटले, कोऱ्या कागदावर वीस ठसे मारले. मी जीव एकवटून जागचा हललो नाही. खरे तर एकवटायची गरजही नव्हती. माझे चाक कधी आपोआप सरकतच नव्हते.

तीनशे बारा हरकती दाखल झाल्या. काका दोन दिवस बोलले. सखल भागाच्या चार हिश्श्यांपैकी तीन मोकळे राहिले, रस्त्याकडचा चौथा मात्र पिवळाच राहिला. ठप्पाबाईंची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. साहेब मोठ्या शहरात वरच्या जागेवर गेले. आणि कार्यालयाच्या अहवालात काय लिहिले, ऐका : 'शिक्क्यातील तांत्रिक दोषामुळे तारखेत तफावत आढळली.' माझ्या मुठीला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी बांधून मलाही तळघरात टाकले. तिथे ठप्पाबाईंनी पहिल्याच दिवशी ती चिठ्ठी फाडली आणि म्हणाल्या, "त्याच सकाळी बोलायला हवं होतं मी." माझा त्यांच्यावरचा राग तिथे संपला. बाकीचा संपलेला नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला गंज चढला तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही शहराचा नकाशा कुठेतरी उंच भिंतीवर लागेल. तेव्हा शिडी मागा. लिहून द्या. आणि शिक्का तुमच्या डोळ्यांसमोर उमटेपर्यंत खिडकीवरून हलू नका. कोणी कितीही गोड आवाजात म्हणाले, "उद्या या," तरी हलू नका.