एका रात्रीपुरती शेगडी

"झाकण उघड, गोळ्या ओत. पुढचं ती बघून घेते," असं म्हणून तुल्लियोनं कळ दाबली. आत काहीतरी खुरखुरलं, पंखा घुमू लागला आणि काचेमागे आपोआप जाळ उठला. नॉर्मा पर्स छातीशी धरून बघत राहिली.

"आणि रात्री? उठून लाकडं घालायला नको?"

"खुशाल झोप. सकाळी राखेचं भांडं साफ केलंस की झालं."

शेगडी आणायला मी तिच्याबरोबर खोऱ्यात उतरलो होतो, कारण आमच्या गल्लीत मालवाहू गाडी माझी एकट्याची. शिवाय गावच्या गायनमंडळात ती दुसऱ्या आवाजात गाते आणि मी मागच्या रांगेत खर्ज लावतो.

नॉर्माचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. लग्न होऊन आमच्या डोंगरातल्या गावात आली, शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. नवरा सिल्वानो अकाली गेला, तेव्हा तिच्या वाट्याला सासू आली आणि लाकडाची शेगडी आली. दोघींना वेळच्या वेळी भरवावं लागायचं. एर्सिलियाबाईंची बोटं संधिवातानं आखडलेली. त्यांना ओंडका उचलत नाही, काडी ओढवत नाही. थंडी पडली की नॉर्मा घरापासून लांब जायची ती पाव आणण्यापुरती नाहीतर तालमीपुरती. मंडळ दर हिवाळ्यात कुठंतरी मुक्कामाला गायला जातं. नॉर्मा सगळ्या तालमी करायची आणि निघायच्या दिवशी चौकात उभी राहून आमच्या बसला हात हलवायची. आम्हालाही त्याची सवय झाली होती, हे त्याहून वाईट.

यंदा त्रिएस्ते ठरलं होतं. समुद्र, हॉटेल, एक रात्र. "यंदा मी येणार," ती तालमीत सगळ्यांदेखत बोलून बसली, आणि म्हणून ही भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी जुनी पेलेटची शेगडी.

"चांगली चालतेय की. विकताय कशाला, काका?" तिनं तुल्लियोला विचारलं.

"बायको म्हणायची, लाकडं फोडून मरशील, त्यापेक्षा जरा हिंडू. म्हणून घेतली. मग तीच गेली. आता मोकळा वेळ घेऊन करू काय? कुऱ्हाड परत काढलीय मी." तो हसला. आम्हाला काही हसू आलं नाही.

आमच्याकडे दर घराला धुराडं एकच. घरी आणल्यावर जुन्या शेगडीची नळी काढून तिथं नवी जोडली. एर्सिलियाबाई खुर्चीतून सगळं न्याहाळत होत्या.

"ही शेगडी म्हणायची की टीव्ही? रिनो, बातम्या किती वाजता लागतात रे हिच्यावर?"

"आई, तुम्हाला ऊब लागल्याशी कारण," नॉर्मा म्हणाली.

"आणि तुला समुद्र. जा की! मी काय तान्ही आहे?"

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी नॉर्मा बसमध्ये चढली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती इतकी लाजली की बोगदा येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होती. त्रिएस्तेला कार्यक्रम छान झाला. नंतर धक्क्यावर वाऱ्यात उभं राहून तिनं कागदातले तळलेले मासे खाल्ले, बोटं चाटली आणि माझ्या बायकोला, इल्वाला, फोन लावला. इल्वा म्हणाली, "सूप देऊन आले. तुझी शेगडीही पेटलेली आहे. मजा कर, बाई."

सकाळी नॉर्मा नाश्त्याला आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. मी घाबरलो. "काही नाही रे, झोपले," ती म्हणाली. "नुसती झोपले." असं म्हणताना तिचा चेहरा मुलीसारखा दिसत होता.

परत आल्यावर तिची बॅग घेऊन मी दारापर्यंत गेलो. दार उघडताच आतून गारठा आला. एर्सिलियाबाई सिल्वानोचा शिकारीचा कोट घालून, टोपी ओढून खुर्चीत बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. शेगडी गप्प होती, नुसता तांबडा दिवा लुकलुकत होता. फोन हाताशीच टेबलावर.

"फोन का नाही केलात?" नॉर्मा ओरडली.

"तू गात असशील म्हणून."

"आणि सकाळी इल्वा आली नाही?"

"आली होती. आतूनच सांगितलं, सगळं ठीक आहे. नाहीतर तिनं तुला कळवलं असतं."

मी झाकण उघडून गोळ्यांत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू असतो, त्याच्या तोंडात काहीतरी अडकलं होतं. ओढून काढलं, तर चावल्यासारखी झालेली ऑलिव्हची डहाळी. ईस्टरआधीच्या रविवारी पाद्रीनं मंत्रून दिलेली. घराघरांत ती क्रुसामागे खोचलेली असते. वादळ झालं की जाळात टाकायची आणि बाहेर असलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, म्हणजे तो सुखरूप परततो.

"काल तुमची बस गेली नि गडगडायला लागलं," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "वाटलं, तू घाटात असशील. काचेचं दार काही उघडेना. मग तू जिथून घालतेस तिथूनच घातली."

नॉर्मानं आता भांडावं म्हणून मी वाट बघत राहिलो. भांडली असती तर फार बरं झालं असतं. म्हातारीनं खोडसाळपणानं केलं असतं, तर नॉर्मा पुढच्या वर्षीही ठसक्यात बसमध्ये चढली असती. पण मायेशी कुणी कसं भांडायचं? तिनं कोटही न काढता गुडघे टेकले आणि सासूचे हात चोळायला घेतले.

मी शेगडी सुरू केली. पंखा घुमला, जाळ उठला.

"मंडळाला वसंतातही गायला जायचंय ना, तिथं माझं नाव घालू नका," नॉर्मा माझ्याकडे न बघता म्हणाली.

"अगं, झाकणाला कडी बसवतो मी. शेगडीला काही झालेलं नाही."

"शेगडीला काही झालंय असं मी म्हटलं का, रिनो?"

मला तिथं उभं राहवेना आणि जाववेनाही.

"काय गायलात?" एर्सिलियाबाईंनी विचारलं. "म्हण की जरा."

नॉर्मा हात चोळता चोळता गाऊ लागली. दुसरा आवाज मूळ चालीच्या खालून चालतो, बराच वेळ एकाच सुरावर थांबतो. एर्सिलियाबाईंनी कान देऊन ऐकलं.

"हे कुठलं गं? मला ओळखू येईना."

"तुमच्या लग्नातलंच आहे, आई. माझा भाग असाच असतो."

"बरं. म्हण."

नॉर्मानं दुसरं कडवं धरलं, मूळ चालीची जागा मोकळी सोडून.