प्रबळची शेवळं

दिनानाथ मास्तरांना अख्ख्या पनवेलीत आपल्या तोडीचा माणूस सापडला नव्हता, आणि त्यांनी कधी शोधलाही नव्हता. शाळेतले मास्तर ढ, पोरांचे बाप गावठी, आणि नेऱ्याहून रानभाजी विकायला येणारी कृष्णाबाई तर त्यांच्या लेखी माणसांतच नव्हती.

कर्नाळ्यावरची आणि प्रबळगडावरची शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, त्यांनी चार वर्षं फूटपट्टीनं मोजली होती. पानं, दांडे, कंद, काही सोडलं नाही. दोन्हीकडची वनस्पती एकच, तसूभर फरक नाही, असा जाडजूड निबंध तयार होता. मुंबईचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर प्रधान यांची त्यावर सही झाली की कॉलेजातली नोकरी पक्की. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये, एका रविवारी, डॉक्टर जेवायला यायचे होते.

सकाळी कृष्णाबाईनं टोपली दारात उतरवली. "मास्तरीणबाय, आज परबलची शेवलां हायत. काकडां दुप्पट घाल, नायतर घसा धरल."

काकडं म्हणजे ती आंबट हिरवी फळं. त्यांच्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही.

"ही मला शिकवणार!" मास्तर आतून कडाडले. "दमयंती, वनस्पती एक, तर काकडंही तेवढीच. साहेबांसमोर आंबट ढाण भाजी नको."

"बरा. घसा तुमचा हाय," म्हणत कृष्णाबाईनं दोन जुड्या काढून दिल्या आणि टोपली उचलून ती चालती झाली. अडाणी ती अडाणीच, मास्तर मनात म्हणाले.

दुपारी डॉक्टर आले आणि त्यांनी निबंध चाळला. "मला पटत नाही हो. हे सगळं एके काळी लाव्हारसाचं एकच पठार. लाखो वर्षांच्या पावसानं ते चिरलं, डोंगर सुटे झाले. वरच्या झाडांची ताटातूट झाली, कुठे ऊन जास्त, कुठे ओल जास्त. अशी झाडं आपापल्या वाटेनं बदलतात. इथंच का नाही बदलली?"

"फूटपट्टी खोटं बोलत नाही, साहेब."

"तेही खरंच. मोजमापं चोख आहेत. जेवण झालं की सही करतो."

मास्तर मनातल्या मनात कॉलेजच्या पायऱ्या चढले.

तिसऱ्या घासाला डॉक्टरांचा हात थांबला. ते खाकरले, डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांच्याही घशात सुया टोचायला लागल्या.

"वहिनी, काकडं नाही घातलीत?"

"घातली की. कर्नाळ्याच्या भाजीला घालते तेवढीच, मोजून बारा. पण ही प्रबळची. कृष्णाबाई दुप्पट घाल म्हणाली होती."

डॉक्टरांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "तिला कसं ठाऊक?"

"नेऱ्याच्या सगळ्याच बायकांना ठाऊक आहे."

"मास्तर, चार वर्षांत तुम्ही ही भाजी एकदाही खाल्ली नाहीत?"

"दर वर्षी खातात, दोन्हीकडची," दमयंती म्हणाली. "मी तिच्या सांगण्याप्रमाणे करते, म्हणून यांना कधी कळलं नाही. आजच यांनी करू दिलं नाही."

डॉक्टर घोगऱ्या आवाजात हसले. उघडलेलं पेन त्यांनी पुन्हा खिशाला लावलं आणि चपला चढवल्या. "बाजारात कुठं बसते ती?"

साहेब, त्या अडाणी बाईला काय विचारता, असं मास्तरांना ओरडायचं होतं. पण घसा असा धरला होता की नुसती खरखर बाहेर आली.

"मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावर," दमयंतीनं सांगितलं.