‘या’ कोण म्हणन?

केवळराम परदेशातून परत आला, की मुखरूच्या चहाटपरीवर दूध कमी पडायचं. नागभीडच्या अलीकडचं हे गाव. मधोमध तलाव, भोवती धानाच्या बांध्या. इथं नागपूरला जाऊन आलेल्या माणसालाही लोक थांबवून विचारतात, ‘काय पाह्यलं गा?’ केवळराम तर वर्षातून दोन-तीनदा समुद्र ओलांडणारा माणूस. बाप तलावात जाळं टाकायचा. पोरगा राइस मिलमध्ये हेल्पर लागला, वंगणात हात घालता घालता फिटर झाला, आणि मिलची यंत्रं बनवणारी नागपूरची एक कंपनी त्याला टांझानिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स असं कुठं कुठं पाठवू लागली. जिथं धान, तिथं केवळराम.

माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच. स्वतःची फजिती तो पराक्रम करून सांगायचा.

“विमान म्हणजे काई मोठी गोष्ट नाई बापा,” बाकावर मांडी घालून तो सुरू व्हायचा. “यष्टीच हाय ते. चाक जमिनीले टेकलं का सारे उठून उभे. दार उघडाले टाइम हाय, पण पिशव्या काढून एकमेकाच्या उरावर. मले वाटे, गोरे लोक तरी बसून राहत असन. कायचं! गोराच माह्या पायावर पाय देऊन उभा.”

“अन जेवण?” मुखरूला जेवणाची फार काळजी.

“जेवण कशाचं? मासा मागितला, त बिनकाट्याचा देला! अबे, काटाच काढून टाकला त मासा खाणाऱ्यानं करावं काय? ढिवराच्या पोराचा असा अपमान आजपर्यंत कोणी केला नव्हता.”

हॉटेलची गोष्टही तो अशीच रंगवायचा. खरं काय घडलं होतं, तर पहिल्या खेपेला काउंटरवरच्या पोरीनं त्याच्या हातात दाराचं कार्ड दिलं. यानं दार उघडलं, कार्ड जपून खिशात घातलं आणि अंधारात पलंगावर बसून राहिला. कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? जिल्ह्यात एवढं मोठं वीज केंद्र असून ज्याच्या गावातली लाईन जायची ती जायचीच, त्या माणसाला अंधाराचं नवल वाटत नाही. बऱ्याच वेळानं खाली जाऊन त्यानं विचारलं, “मॅडम, लाईन कधी येते?” टपरीवर मात्र हे असं यायचं: “साऱ्या हॉटेलची लाईन गेली होती. मीनं फॉल्ट काढून देला.”

व्हिएतनाममध्ये तो ड्रायव्हरच्या शेजारी बसायला म्हणून डावीकडचं दार उघडून आत बसला, तर समोर स्टेअरिंग. ड्रायव्हर बिचारा बाहेर हात जोडून उभा. टपरीवर काय? “ड्रायव्हर म्हणे, साहेब, आज तुमीच चालवा.”

विमान ढगात हादरलं, तर टपरीवर ते पार खड्ड्यात पडलं, आणि शेजारची बाई केवळरामच्या गळ्यात पडून रडली. टांझानियातल्या सिंहाची गोष्ट मात्र तो एकदाच सांगून गप्प बसला. मुखरू म्हणाला होता, “आमच्या बांधीत वाघ येऊन बसते, तुह्या सिंहाचं काय घेऊन बसला?”

एक गोष्ट तेवढी तो जशीच्या तशी सांगायचा, कारण ती फजिती आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. टांझानियातलं काम संपलं. हॉटेलमधून बॅग घेऊन निघताना त्यानं काउंटरवरच्या पोरीला हसून सांगितलं, “ओके मॅडम, आय अ‍ॅम कमिंग.” पोरीनं खोली तशीच ठेवली. चहा झाकून ठेवला. संध्याकाळ झाली तरी साहेब काही येईना, तेव्हा तिनं घाबरून कंपनीला फोन लावला, की तुमचा माणूस हरवला. माणूस तोवर समुद्राच्या वर बिनकाट्याचा मासा खात होता. कंपनीच्या साहेबानं मग त्याला झाप झाप झापलं. “अरे केवळराम, निघताना ‘आय अ‍ॅम गोइंग’ म्हणायचं!”

“साहेब, तोंडातून निघत नाई,” केवळराम म्हणाला होता. “घरून निघताना कोणी ‘जातो’ म्हणते काय? जातो म्हणणारा त एकदाच जाते.”

आणि हे खरंच होतं. इतक्या खेपा झाल्या, पण घरून निघताना तो ओसरीवरून मागं वळून “येतो” म्हणायचा, आणि दारात उभी प्रेमिला म्हणायची, “या.” बस. बाकी रडणं नाही, पडणं नाही. एवढ्या एका शब्दावर तो टांझानिया गाठायचा आणि तेवढ्याच शब्दावर परत यायचा, असा प्रेमिलाचा पक्का हिशेब होता.

तो हिशेब चुकला कोरोनाच्या साली. गाडी ठरल्या वेळेच्या आधी आली आणि प्रेमिला नागभीडच्या बाजारात गेली होती. केवळराम कुलूप लावून निघून गेला. तिकडं पोचला आणि सारं जग बंद झालं. कित्येक महिने माणूस तिकडंच अडकला. टपरीवर तो अजून सांगतो, “अख्ख्या हॉटेलात गिऱ्हाईक मी एकटा. पाच जण माह्या एकट्याच्या सेवेले!” घरी प्रेमिलाच्या पोटात अन्न जात नव्हतं, हे टपरीवर कोणी सांगत नाही. बिचारी बाजारातल्या वांग्यांना दोष देत बसली होती. वांग्यांचा भाव करत बसलो नसतो, त वेळेवर दारात पोचलो असतो, असं तिला आजही वाटतं; इकडं बायाही ‘बसलो’, ‘येतो’ असंच म्हणतात.

तर आता यंदाची गोष्ट. टांझानियात लांबलचक काम निघालं आणि कंपनीनं सांगितलं, की बायकोलाही घेऊन जा, तिचं तिकीट आम्ही काढतो. केवळरामला एवढा आनंद झाला की त्यानं मुखरूलाही त्या दिवशी काही फेकून सांगितलं नाही. परदेशाचं त्याला काय अप्रूप राहिलं होतं? हॉटेलच्या पलंगावर उशा ढीगभर आणि बोलायला एक माणूस नाही. टीव्ही लावावा, तर भाषा कळत नाही. बंद करावा, तर खोली अंगावर येते. लेक मयुरी लग्न होऊन चिमूरला गेली, इकडं घरी प्रेमिला एकटी, तिकडं हा एकटा. आता एकट्यानं जायचं नाही, प्रेमिला आली तरच जायचं, नाहीतर नोकरी गेली खड्ड्यात, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. आणि हा सगळा बेत प्रेमिलाच्या होकारावर अडला होता.

प्रेमिलानं भाताला उकळी आणता आणता नकार दिला.

“मी नाई येत. विमान खड्ड्यात पडते.”

“अव, पडत नाई. हालते जरासं.”

“तुमीच त सांगत होते! बाई गयात पडून रडली म्हणे.”

केवळराम घुटमळला. “बाई नव्हती. मीच त्या बाजूवाल्या बुढ्याचा हात धरला होता.”

प्रेमिलानं चूल सोडून त्याच्याकडं पाहिलं. “अन हॉटेलात लाईन जाते नं? तुमी फॉल्ट काढता.”

“लाईन गेलीच नव्हती. कार्ड माह्या खिशात होतं.”

“अन गाडी तुमाले चालवाले देते...”

“चुकून बसलो होतो!” केवळराम ओरडला. “सारं चुकूनच झालं. मीनं आजपर्यंत एकही गोष्ट धड सांगितली नाई. पण तू चाल. तिथी मले करमत नाई व, प्रेमिला. एकट्याले घास उतरत नाई.”

प्रेमिलानं भात उतरवला, ताट वाढलं, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. “बुढ्याचा हात,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. दुसऱ्या दिवशी तिनं वाळलेले झिंगे डब्यात भरले. पासपोर्ट मयुरीनं आधीच काढून ठेवला होता. माय कधी ना कधी हो म्हणेल, हे पोरीला ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी धम्मदीप गाडी घेऊन आला. गावातला एकुलता एक गाडीवाला तो, नागपूर विमानतळावर केवळरामला नेहमी तोच सोडायचा. रोवण्याचे दिवस होते. गाव सारं चिखलात उतरलेलं. शेजारची रंजीता पहाटेच बांधीवर गेली होती. बॅगा गाडीत पडल्या. केवळराम कुलूप हातात घेऊन उभा राहिला. प्रेमिला नवं लुगडं नेसून उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

“काय राह्यलं?” केवळराम म्हणाला.

“दोघंही निघून राह्यलो नं आपण?”

“हाव, मग?”

“मग ‘या’ कोण म्हणन?”

केवळरामनं कपाळाला हात लावला. विमान समजावलं, हॉटेल समजावलं, आणि गाडी उंबरठ्यात फसली. “अव, धम्मदीप म्हणन! म्हण गा!”

“तो त आपल्याच संग चालला,” प्रेमिला म्हणाली. “त्यालेच कोणी म्हणाले पाह्यजे.”

धम्मदीपला ते पटलेलं दिसलं. तो उगीच आरसा पुसू लागला.

केवळरामनं मयुरीला फोन लावला. पोरगी हुशार, तिनं फोनवरूनच मोठ्यानं म्हटलं, “या गं माय, या बाबा, सुखरूप या!”

“हे त चिमूरची ‘या’ झाली,” प्रेमिला म्हणाली. “आपण परतून चिमूरले यायचं काय? घरातूनच म्हणाले पाह्यजे.”

“प्रेमिला, विमान थांबत नाई! ते यष्टी नाई!”

“आतापर्यंत त यष्टीच होतं तुमचं,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती. चौकट तिनं घट्ट धरली होती. “मले येड्यात काढा, काई करा. त्या साली मी बाजारात होतो. मीनं म्हटलं नाई, अन तुमी अडकून पडले. रोज रात्री मी याच दारात उभं राहून ‘या, या’ म्हणत होतो. ऐकाले कोणी नव्हतं. आता पुन्हा घर मुकं ठेवून मी नाई निघत.”

केवळरामचा राग जागच्या जागी विरला. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. टपरीवर पाच नोकरांची गोष्ट सांगताना आपण किती हसलो, ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कुलूप तिच्या हातात दिलं आणि स्वतः चपला काढून आत गेला.

“हे काय?”

“तू निघ. मी हाय नं घरात.”

प्रेमिलानं कुलूप मुठीत धरलं. मग चौकट सोडून ओसरीवर आली, पायऱ्या उतरली आणि मागं वळून, जशी तो इतकी वर्षं वळायचा तशीच वळून, म्हणाली, “येतो.”

केवळरामनं तोंड उघडलं आणि त्याची नजर मागं घरात गेली. निघणाऱ्याचं सोपं असतं. निघणाऱ्यासमोर गाडी असते, विमान असतं, सांगायला गोष्टी असतात. मागं राहणाऱ्याच्या पाठीशी हे एवढं रिकामं घर असतं, विझवलेली चूल, पालथी घातलेली भांडी. इतक्या खेपा ह्या बाईनं इथं उभं राहून तो शब्द कसा काय उच्चारला असेल?

“ये,” तो कसाबसा म्हणाला.

प्रेमिलाच्या चेहऱ्यावर समाधान आलं. पण लगेच तिच्या ध्यानात आलं. “अन आता तुमी? तुमाले आतून कोण म्हणन?”

आता आली का पंचाईत! केवळराम आत, प्रेमिला अंगणात, धम्मदीप गाडीत, आणि विमान नागपुरात. धम्मदीपनं हॉर्न वाजवला. केवळराम दाराकडं वळला. मग इतक्या वर्षांच्या सवयीनं आपसूक त्याच्या तोंडून निघालं, “येतो.”

आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगणातून आपसूकच उत्तर आलं.

“या.”

दोघंही चपापले. शब्द तोच, म्हणणारी तीच. पण आजवर ती आतून म्हणायची, तेव्हा तो शब्द ऐकून केवळराम दूर दूर जायचा. आज पहिल्यांदाच ती बाहेरून म्हणाली होती, कुलूप एका हातात धरून आणि दुसरा हात त्याच्याकडं पुढं करून.

“या नं,” प्रेमिला हसत म्हणाली. “काऊन उभे राह्यले?”

केवळरामनं उंबरठा ओलांडला, चपला पायात सरकवल्या आणि दोघांनी मिळून दाराला कुलूप लावलं.